कप कुठे धुवायचा?

आमच्या घरी चहाला कोणी नाही म्हणत नाही. पाहुणा दारात चप्पल काढतो न काढतो तोच आत आधण चढते. महिनाअखेर असो की साखरेचा डबा तळाला गेलेला असो, चहा होतोच. आम्ही स्वतः तर पक्के चहाबाज. कचेरीत सकाळी अकराला एक, दुपारी चारला एक, संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत एक आणि बैठक उठल्यावर रस्त्याच्या कडेला उभ्याने आणखी एक कटिंग. तेव्हा चहाच्या बाबतीत आता आम्हाला कोणी काही नवे शिकवील असे वाटले नव्हते. पण शिकवले. थोडे आमच्या कन्येने शिकवले आणि बरेचसे आमच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या वडिलांनी. तेही जळगावच्या एका तैवानी चहाच्या दुकानात!

झाले असे. आमचे वडील, म्हणजे आबा, धुळे तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास २०२२ पासून फुकट झाला, तेव्हापासून त्यांचे येणे-जाणे वाढले आहे. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत गाडी जळगावला येते. खिडकीजवळची जागा मिळाली की आबा खुशीत असतात. या खेपेला ते डोळा दाखवायला आले होते. मोतीबिंदू काढून महिना झाला होता. त्याच वेळी आमची कन्या पुण्याहून आली. शिक्षण संपवून ती तिथेच एका कंपनीत लागली आहे. पहिला पगार नुकताच हातात पडला होता.

"पप्पा, रविवारी सगळ्यांनी बाहेर जायचं. पैसे मी देणार. तुम्ही खिशात हात घालायचा नाही," तिने फर्मान काढले.

आम्हाला बरे वाटले. बाहेर खाणे म्हणजे आमच्या हिशेबी ढाब्यावरची शेवभाजी. हिवाळा असेल तर वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी, तीही कोणाच्या तरी मळ्यात. पण कन्या म्हणाली, "शेवभाजी नंतर. आधी बोबा."

"बोबा म्हणजे?" मुलांच्या आईने विचारले.

"तैवानचा चहा. पुण्यात आम्ही मैत्रिणी नेहमी पितो. आता इथेही मिळतो."

कॉलेजच्या रस्त्याला एक लहानसे दुकान आहे. गुलाबी दिवे, भिंतीवर चित्रे, बसायला उंच स्टुले. आबांना त्या स्टुलावर चढता येईना, म्हणून दुकानातल्या पोराने आतून एक साधी खुर्ची आणून दिली. आम्ही भिंतीवरचा भावफलक वाचला आणि पुन्हा वाचला. एका पेल्याला दीडशे रुपये! आमच्या कचेरीसमोरचा कटिंग दहा रुपयांना मिळतो. बी. कॉम. झालेल्या माणसाची खोड, मनातल्या मनात भागाकार झालाच. एका पेल्यात पंधरा कटिंग. पाच जणांचे पंच्याहत्तर. पण खिशात हात घालायचा नाही असे बजावलेले असल्याने आम्ही गप्प बसलो.

गल्ल्यावरचा पोरगा विचारू लागला, "साखर किती टक्के? शंभर, पन्नास, पंचवीस? आणि बर्फ?"

"चहात बर्फ?" मुलांच्या आईचे डोळे मोठे झाले. आम्हाला मात्र टक्क्यांचा प्रकार आवडला. आमच्या नेहमीच्या चहावाल्याला साखर कमी टाक म्हटले तर तो दूधही कमी टाकतो.

चहा कसा करतात ते आम्ही उभे राहून पाहिले. आपल्यासारखा तो दुधात उकळत नाहीत. काळ्या चहाचे पाणी आधीच काढून ठेवलेले असते. ते स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ओततात, त्यात दूध, पाक आणि बर्फ घालून भांडे जोरजोरात हलवतात. पेल्याच्या तळाशी काळ्या चकचकीत गोळ्या. वरून तो फेसाळ चहा. मग यंत्राने पेल्याच्या तोंडाला प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवतात आणि त्यातून बोटाएवढी जाड नळी टप्पकन आत खुपसतात. त्या आवाजाने आबा दचकले. "हाई काय शे?" म्हणून त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला. नळीने ओढताच एक गोळी तोंडात आली. आबांनी ती कवळीने हळूहळू चावली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"हाऊ ते साबुदाणा शे!" आबांनी निकाल दिला.

कन्या टाळ्या वाजवून हसली, कारण निकाल अगदी बरोबर होता. साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून होतो त्याच कंदाच्या पिठापासून या गोळ्या करतात. त्या कंदाला कसावा किंवा टॅपिओका म्हणतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतला. केरळात तो उकडून माशाबरोबर खातात. तामिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने आहेत आणि आपल्या दुकानांतला साबुदाणा बहुतेक तिकडूनच येतो. आमच्या घरी एकादशी नाही, चतुर्थी नाही, पण रविवारच्या नाश्त्याला खिचडी असते आणि उन्हाळ्यात गच्चीवर साबुदाण्याचे पापड वाळत असतात. म्हणजे दीडशे रुपयांचा हा परदेशी पाहुणा निम्मा तरी आमच्या ओळखीचा निघाला.

मग कन्येने आम्हाला तैवानची माहिती दिली. चीनच्या किनाऱ्यासमोरचे हे बेट आमच्या जळगाव जिल्ह्याच्या साधारण तिप्पट आकाराचे. लोकवस्ती सव्वादोन कोटींच्या वर. चहाचा हा प्रकार तिथे १९८० नंतरच्या दहा वर्षांत निघाला. ताइचुंग शहरातले चुन शुई तांग हे दुकान म्हणते आम्ही काढला, ताइनान शहरातले हानलिन म्हणते आम्ही. भांडण कोर्टात गेले, वर्षानुवर्षे चालले आणि २०१९ मध्ये कोर्टाने सांगितले की हा काही पेटंट घेतलेला पदार्थ नाही, कोणीही करावा. तिकडे त्याला म्हणतात मोत्यांचा दुधाचा चहा. गोळ्या म्हणजे मोती. हा निकाल आम्हाला फार शहाणपणाचा वाटला. चहाची मालकी कोणाची असू नये. कोणीही करावा आणि कोणीही प्यावा.

"पप्पा, तुम्ही चहा म्हणता आणि मी टी म्हणते ना, दोन्ही शब्द तिकडचेच," कन्या म्हणाली. चीनच्या बहुतेक भागात चहाला 'चा' म्हणतात, त्यावरून आपला चहा. तैवानमध्ये आणि समोरच्या चिनी किनाऱ्यावर जी बोली चालते तिच्यात त्याला 'ते' म्हणतात. तो शब्द डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेला आणि इंग्रजांचा 'टी' झाला. आणखी एक गंमत तिने सांगितली. १८९५ ते १९४५ तैवानवर जपानचे राज्य होते. त्या काळात, १९२० नंतरच्या वर्षांत, जपान्यांनी आपल्या आसामच्या चहाचे बी नेऊन तिथल्या सन मून लेक नावाच्या तलावाकाठच्या डोंगरात लावले. तिथला काळा चहा आजही नावाजलेला आहे. म्हणजे साबुदाणाही ओळखीचा आणि चहाही!

तिकडे बाहेर खाणे ही चैन नाही, असेही ती म्हणाली. संध्याकाळ झाली की रस्त्यावर रात्रबाजार भरतात. कामावरून सुटलेली माणसे बायकापोरांसह ठेल्यांवर, बुटक्या स्टुलांवर बसून जेवतात. रश्श्यातले नूडल्स, वाफवलेल्या मऊ पावात घातलेले डुकराचे मांस, कालवे घालून केलेले अंड्याचे आम्लेट. शाकाहारी बौद्धांच्या खाणावळी निराळ्या असतात. मोठे हॉटेल नाही, टेबलावर चादर नाही. बसा, खा, पैसे द्या, उठा.

इतका वेळ आबा नळीने मोती ओढीत होते. ते मध्येच म्हणाले, "तैवान म्हणजे आपला तो पुस्तकवाला देश ना?"

कन्येला कळले नाही. आम्हाला चटकन कळले. बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाचा भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद केला. त्याच्या प्रती तैवानच्या तैपेई शहरातल्या बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशनने छापून भारतात मोफत वाटल्या. तशी एक प्रत गावच्या घरी फळीवर आहे. विक्रीसाठी नाही असे त्यावर छापलेले आहे आणि खाली तैवान हे नाव. आबा ते जाड पुस्तक चष्मा लावून अक्षर अक्षर जुळवीत वाचतात. ज्या देशाची माहिती नात आजोबांना सांगत होती, तो देश आजोबांच्या फळीवर कधीपासून येऊन बसला होता.

इथपर्यंत सगळे छान चालले होते. पुढचे मात्र आम्हाला लिहायलाच हवे.

चहा संपला. आबा खुर्चीवरून उठले, रिकामा पेला हातात घेतला आणि गल्ल्यापाशी जाऊन आपल्या खणखणीत आवाजात विचारले, "पोऱ्या, कप कोठे धवाना शे?"

दुकान क्षणभर थांबल्यासारखे झाले. बाजूच्या टेबलावरची दोन पोरे हसली. त्यांच्या हसण्यात काही वाईट नसेलही. पण आमच्या कानशिलात एकदम गरम झाले. आम्ही लगबगीने पुढे झालो, आबांची बाही ओढली आणि दबक्या आवाजात म्हणालो, "आबा, हळू बोला. इथे धुवायचा नसतो. फेकून द्यायचा असतो. चला." पेला त्यांच्या हातातून घेऊन आम्ही डब्यात टाकला आणि त्यांना बाहेर घेऊन आलो. आबा काही बोलले नाहीत. रिक्षातही कोणी बोलले नाही.

रात्री कन्या आमच्याजवळ येऊन बसली. "पप्पा, आबांनी कप कुठे धुवायचा एवढंच तर विचारलं. तुमचा चेहरा तसा का झाला? मला तुमचा राग आला."

आम्हाला उत्तर देता येईना. दरवर्षी चौदा एप्रिलला आम्ही माईकसमोर उभे राहून राज्यघटनेचे पंधरावे कलम समजावून सांगतो. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यापासून कोणालाही जातीवरून अडवता येणार नाही, असे त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा धरला आहे. हे सगळे आम्हाला पाठ आहे. पण त्या कायद्यात भांडी हा शब्द का घालावा लागला, ते आम्ही आमच्या मुलीला कधी सांगितलेच नव्हते. चांगले दिवस आले, आता कशाला पोरांच्या डोक्यात ते, असे म्हणून टाळीत आलो होतो.

आबा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. ते उठून बसले आणि त्यांनीच सांगितले. आबा अहिराणीत बोलतात, आम्ही इथे मराठीत देतो.

१९५५-५६ सालची गोष्ट. आबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. गावाच्या फाट्यावर पत्र्याचे एक चहाचे हॉटेल होते. आत बाके, बाहेर भिंतीतल्या कोनाड्यात आपल्या लोकांसाठी वेगळे ठेवलेले दोन कप. एकाचा कान तुटलेला. ते आपण काढायचे, विसळायचे, लांब धरायचे. हॉटेलवाला वरून चहा ओतणार. तो बाहेर उकिडवे बसून प्यायचा, पैसे पायरीवर ठेवायचे आणि कप धुऊन पुन्हा कोनाड्यात. एकदा आबा आपल्या वडिलांबरोबर, म्हणजे आमच्या आजोबांबरोबर, बाजाराहून येत होते. चहा घेतला. आबांनी कप न धुता तसाच कोनाड्यात ठेवून दिला. विसरून नव्हे, मुद्दामच. आत बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडले. आजोबांनी धावत जाऊन तो कप धुतला, जागेवर ठेवला आणि मग सगळ्यांसमोर आबांना बडबड बडवले.

"बाप मला का मारतो ते तेव्हा समजलं नाही," आबा म्हणाले. "पुढे समजलं. त्यानं मारलं म्हणजे त्यांनी मारायचं राहिलं."

कन्या रडू लागली. आम्हीही खाली बघत होतो. ही गोष्ट इतकी सविस्तर आम्हीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मग?" तिने विचारले.

"मग काय! मी त्या हॉटेलात पुन्हा चहा प्यायलो नाही. पुढे धुळ्याला हमालीला लागलो. तिथं बाजारातल्या हॉटेलात बाकावर बसून चहा प्यायलो आणि कप तिथंच ठेवून उठलो. दारात जाऊन मागं वळून पाहिलं. पोऱ्यानं कप उचलला, बाकीच्या कपांत टाकला. संपलं. माझं तेव्हाच संपलं."

"संपलं तर आज का विचारलंत, कप कुठे धुवायचा म्हणून?" आता आम्ही विचारले.

आबांनी आमच्याकडे असे पाहिले की लहानपणी हिशेब चुकल्यावर पाहायचे तसे. "अरे, एवढा चांगला पेला! पोरीनं दीडशे रुपये मोजले. आत सगळं चिकट झालं होतं. धुऊन घरी न्यावा म्हणून विचारलं. तूच घाई करून फेकून दिलास!"

आधी मुलांची आई हसली, मग कन्या डोळे पुसत हसली, शेवटी आम्ही. पण हसताना एक गोष्ट मनात रुतून बसली. आबांना कोणी हिणवले नव्हते आणि त्यांना तसे वाटलेही नव्हते. ज्यांनी तो कोनाड्यातला कप प्रत्यक्ष धुतला, ते केव्हाच मोकळे झाले होते. कन्येला त्याची खबरही नव्हती. लाज उरली होती ती मधल्या आमच्यात. सभेत ताठ मानेने बोलणारे आम्ही, गुलाबी दिव्यांच्या दुकानात दोन पोरे हसली तर बापाची बाही ओढतो! बापाने मोठ्याने अहिराणी बोलू नये, खुर्ची मागू नये, काही विचारू नये असे आम्हाला वाटते. हॉटेलात शिरायचा हक्क कायद्याने मिळाला, पण तिथे ऐसपैस बसायची सवय आमची आम्हालाच लावून घ्यावी लागणार आहे. पैसे मोजले आहेत, तर काय आहे, कसे करतात, पेला धुवायचा कुठे, सगळे विचारावे. आबांनी तेच केले होते.

दुसऱ्या दिवशी बोबा घरीच करायचे ठरले. पहिला प्रयत्न फसला. मुलांच्या आईने सरळ साबुदाणा उकळला, त्याची खीर झाली. मग कन्येने रीत सांगितली. वाचकांपैकी कोणाला करून पाहायचे असेल तर सांगतो. वाटीभर साबुदाणा मिक्सरमधून बारीक दळून चाळून घ्यावा. थोड्या पाण्यात गूळ घालून चांगली उकळी आणावी, ते उकळते पाणी लागेल तसे पिठात घालून गरम असतानाच मळावे. हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळाव्यात. भरपूर उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवाव्यात, गॅस बंद करून झाकून ठेवाव्यात आणि मग गुळाच्या पाकात सोडाव्यात. त्याच दिवशी संपवाव्यात, ठेवल्या की कडक होतात. वरून गार केलेला दुधाचा चहा ओतायचा. नळी नसेल तर चमचा आहेच. पाच जणांचा खर्च दुकानातल्या एका पेल्याहून कमी आला, हे आम्ही हिशेब करून पाहिले. फक्त लहान मुलांना या गोळ्या देऊ नयेत, घशात अडकू शकतात. आणि ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी तर या चहाच्या वाटेला जाऊच नये, कारण मोती म्हणजे निव्वळ पिष्ट आणि त्यावर पाक.

दुकानात जाऊ नका असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वर्षातून एकदा-दोनदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जरूर जा. मुलांना नव्या जागी बसायला आवडते, त्यांच्या शेजारी आजोबांना, आजीला बसवा. त्यांना जे विचारायचे ते त्यांच्या आवाजात विचारू द्या. आणि घरी आल्यावर त्यांनी पहिला चहा कुठे, कसा आणि कशात प्यायला ते मुलांसमोर विचारा. आम्ही हे विचारायला फार उशीर केला. तुम्ही करू नका.

त्या दिवशी पेल्यांपैकी आमच्या घाईतून एक वाचला होता. मुलांच्या आईने आपला पेला दुकानात कोणाला काही न विचारता कागदात गुंडाळून पिशवीत टाकला होता. तो तिने स्वच्छ धुऊन आबांना दिला. आबा तो घेऊन गावी गेले. दाढीच्या पाण्याला चांगला उपयोगी पडतो, असा त्यांचा निरोप आहे.